वाईट बातमी घरी सांगता येते का

माणूस वाईट बातमी कशी सांगतो यावरून तो कशा घरात वाढला याचा बराचसा अंदाज येतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. हे मत पुस्तकांतून आलेले नाही. पुस्तके मी नंतर वाचली. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे क्वालिटी विभागात आहे. या विभागाचे निम्मे काम मोजमापांचे असते आणि उरलेले निम्मे, झालेली चूक माणसांनी वेळेवर बोलून दाखवावी यासाठी धडपडण्याचे.

मशीनवर एखाद्या पीसचे भोक ठरलेल्या मापापेक्षा केसभर मोठे झाले की तो पीस वाया जातो. लहान राहिलेले भोक पुन्हा मशीनवर लावून वाढवता येते. मोठे झालेले लहान करता येत नाही. अशा वेळी ऑपरेटर काय करतो हे पाहण्यासारखे असते. कोणी तो पीस गुपचूप बिनच्या तळाशी सरकवतो, कोणी पुढच्या शिफ्टवर ढकलतो, आणि एकदा तर एका चांगल्या हुशार मुलाच्या डब्याच्या पिशवीत तसले पीस सापडले होते. दुसरा एखादा मात्र पीस हातात घेऊन, शिफ्ट संपण्याची वाट न पाहता, सरळ माझ्या टेबलापाशी येतो आणि म्हणतो, "मॅडम, टूल गेलंय. मागचे पन्नास तरी परत गेजने बघायला लागतील." दोघेही आयटीआय झालेले, दोघांचा पगार सारखा, सुपरवायझरही एकच. चूक आपण होऊन सांगणाऱ्याला आमच्याकडे शिक्षा होत नाही, हे दोघांनाही माहीत असते. तरीही एकाचे पाय माझ्या टेबलाकडे वळतात आणि दुसऱ्याचे वळत नाहीत.

पिशवीत पीस नेणाऱ्या त्या मुलाशी मी नंतर निवांत बोलले. त्याने आपण होऊन आईचा विषय काढला. आई मारकुटी नव्हती, प्रेमळच होती. पण घरात काही सांडले, बिघडले, हरवले की ती बोलणे टाकायची. दोन दिवस, कधी चार दिवस अबोला. ताट वाढले जायचे, डबा भरला जायचा, शब्द मात्र नाही. "मार परवडला असता, मॅडम," तो म्हणाला. टूल गेल्याची बातमी घेऊन येणाऱ्या दुसऱ्याने लहानपणी आईचा भरपूर मार खाल्ला होता. पण त्याच्या सांगण्याप्रमाणे दिवेलागणीपर्यंत विषय मिटलेला असे आणि रात्री तीच आई त्याला शेजारी घेऊन जेवायला बसे. मारण्याचे समर्थन मला मुळीच करायचे नाही; मुलावर हात उगारू नये, असेच मी मानते. माझ्या लक्षात आले ते एवढेच, की या दोन घरांमधला फरक आई किती रागावली यापेक्षा तिचा राग कधी आणि कसा संपला यात होता.

मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातल्या बंधावर गेल्या पाऊणशे वर्षांत जे संशोधन झाले, ते वाचताना हाच फरक मला पुन्हा पुन्हा भेटला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आईच्या मायेला पारख्या झालेल्या मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तो १९५१ मध्ये. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या आणि नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या घरांमध्ये जाऊन आया आणि तान्ही मुले यांचे बारकाईने निरीक्षण केले. पुढे त्यांनी एक लहानशी चाचणी बसवली. वर्ष-दीड वर्षाचे मूल आईबरोबर अनोळखी खोलीत येते, खेळायला लागते, आई दोनदा थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. सगळे वीसेक मिनिटांत आटोपते. आई गेल्यावर मूल किती रडते यावर सारे अवलंबून असेल, असे आपल्याला वाटते. एन्सवर्थ यांनी सर्वाधिक महत्त्व दिले ते आई परत आल्यानंतरच्या वागण्याला. काही मुले आईकडे झेपावतात, तिच्या कडेवर शांत होतात आणि थोड्याच वेळात पुन्हा खेळण्यांकडे वळतात. काही मुले परतलेल्या आईकडे पाहतच नाहीत, जणू ती गेलीच नव्हती. काही तिला चिकटतात आणि त्याच वेळी हातपाय झाडत राहतात. पहिल्या प्रकारच्या मुलांच्या आया वर्षभर मुलाच्या रडण्याला आणि खुणांना अधिक तत्परतेने, अधिक समजून प्रतिसाद देत आल्या होत्या, असे घरच्या नोंदींवरून दिसले. वरून निर्विकार दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मुलांच्या हृदयाचे ठोके मात्र त्या वेळी वाढलेले असतात, हेही पुढे मोजून पाहण्यात आले. हे वाचताना मला डब्याच्या पिशवीच्या त्या प्रसंगी पाहिलेला शांत चेहरा आठवला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला प्रयोग तर आपल्याकडच्या प्रत्येक घराने माहीत करून घ्यावा असा आहे. आईने काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीप्रमाणे हसतबोलत खेळायचे आणि मग दोनेक मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून नुसते त्याच्याकडे पाहत राहायचे. बाळ आधी हसते, हात पुढे करते, आवाज काढून आईला बोलते करायला बघते. जमत नाही म्हटल्यावर मान फिरवते, कासावीस होते, रडू लागते. हा अबोलाच आहे, फक्त दोन मिनिटांचा. चार दिवसांच्या अबोल्यात दहा वर्षांच्या मुलाचे काय होत असेल याची कल्पना यावरून करावी. ट्रॉनिक यांचेच दुसरे निरीक्षण मात्र आयांना धीर देणारे आहे. सगळे सुरळीत असलेल्या जोड्यांमध्येसुद्धा आई आणि बाळ यांचे सूर साधारण एक तृतीयांश वेळच जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक होण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो. बाळ जे शिकते ते या पुन्हा जुळण्यातून शिकते, की बिघडलेले नीट होऊ शकते.

याचा मोठे झाल्यावरच्या वागण्याशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७५ पासून गरीब घरांतल्या गरोदर स्त्रियांची नोंद घेतली आणि त्यांच्या मुलांचा जन्मापासून पार प्रौढ वयापर्यंत मागोवा ठेवला. वर्षाच्या वयात आईवर भरवसा दाखवणारी मुले सरासरीने शाळेत इतरांशी अधिक चांगली जुळवून घेताना, किशोरवयात जवळची मैत्री टिकवताना आणि विशीत जोडीदाराशी झालेली भांडणे अधिक समजुतीने मिटवताना आढळली. ही सरासरी आहे, कोणाच्या कपाळीची रेघ नाही. मधल्या वर्षांत घरची परिस्थिती सुधारली किंवा ढासळली, तर मुलांची वाटही बदलल्याचे त्याच अभ्यासात दिसले.

नाशिककराने आईवर लिहावे आणि साने गुरुजींची आठवण काढू नये, हे होणे नाही. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. त्या पुस्तकातले अश्रू आपण पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवले, पण त्या आईचे एक वैशिष्ट्य मला अधिक मोलाचे वाटते. पोहायला घाबरून लपणाऱ्या श्यामला ती शिक्षा करून घराबाहेर काढते आणि नंतर त्याला जवळ घेऊन आपण असे का वागलो ते सांगते. तिच्या कडकपणाला शेवट आहे. मूल रडत झोपी गेले आणि सकाळी कोणी काही बोलले नाही, असे त्या घरात घडत नाही.

आमच्या आईने असली पुस्तके वाचली नव्हती, पण तिचा एक प्रसंग मी कधीच विसरणार नाही. आमचे घर जुन्या नाशकातल्या एका वाड्यात होते आणि बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. दिवसभर नोटांच्या गठ्ठ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या घरी शंभराची एक नोट हरवणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या काळच्या प्रेसमधल्या कुटुंबांना सांगायला नको. धाकटा भाऊ तेव्हा पाचवी-सहावीत असेल. आईने त्याला यादी आणि शंभराची नोट देऊन रविवार कारंज्याजवळच्या वाण्याकडे पाठवले. गोदावरीला पूर आला होता, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागले अशी बातमी गल्लीभर झाली होती, आणि भाऊ वाण्याकडे जायचे सोडून पोरांबरोबर पूर पाहायला गेला. परतला तेव्हा कपडे चिंब, हातात यादीचा लगदा आणि खिशात नोट नाही.

आईचा संताप झाला. "नदीवर गेलास? आणि वाहून गेला असतास म्हणजे?" एवढे म्हणताना तिचा आवाज कापत होता. मग ती आत गेली, पंचा घेऊन आली आणि म्हणाली, "आधी डोकं पूस, कपडे बदल. मग इथे बस आणि पहिल्यापासून सांग." त्याने सांगितले, तिने मध्ये तोंड घातले नाही. खरी गंमत पुढे आहे. पुष्कळ घरांत अशा वेळी आई म्हणते, "बाबांना सांगू नकोस हं." त्याने मूल त्या दिवसापुरते सुटते आणि लपवण्याचा धडा मात्र प्रत्यक्ष आईकडून शिकते. आमच्या आईने संध्याकाळी भावाला समोर बसवून बाबांना सांगितले, "आज याच्याकडून शंभर रुपये हरवले. पूर बघायला गेला होता. मला सगळं खरं सांगितलंय त्याने. या महिन्यात गोडेतेल आणि साखर कमी आणू या." बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि नदीवर जायचे नाही, एवढेच बोलले. पुढच्या आठवड्यात वाण्याकडे जायची वेळ आली तेव्हा आईने पुन्हा भावालाच हाक मारली. शेजारच्या काकूंना राहवले नाही. "अहो, परत त्याच्याच हातात पैसे देता?" त्यावर आई म्हणाली, "त्याच्याच हातात द्यायला हवेत."

भावाचे आज सातपूरला छोटे वर्कशॉप आहे. माल उशिरा जाणार असेल किंवा लॉटमध्ये खोट निघाली असेल, तर ग्राहकाचा फोन येण्याआधी तो स्वतः फोन करतो, आणि त्याची जुनी गिऱ्हाइके याच कारणाने टिकून आहेत. हे सारे त्या शंभर रुपयांमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. तो मुळातच मोकळ्या स्वभावाचा. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे की स्वभावाचा मोठा भाग मूल जन्मतःच घेऊन येते आणि एका घरात वाढलेली भावंडेही एकमेकांहून खूप वेगळी निघतात. हे मी स्वतःवरून जाणते.

कारण त्याच आईची मोठी मुलगी मी. आई माझ्यावर कधी रागावल्याचे मला आठवत नाही. "हिला काय सांगायचं, ही शहाणीच आहे," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगे, आणि ते ऐकत मी वाढले. शहाण्या मुलीने वाईट बातमी कुठून आणायची? माझे गणिताचे गुण घसरले तेव्हा, शाळेच्या वाटेवर एक माणूस रोज मागे येऊ लागला तेव्हा, सगळे मी मनात ठेवले. ती ऐकणार नाही अशी भीती नव्हती. तिला माझ्याकडून असे काही ऐकायची सवयच नव्हती. लग्नानंतर सासरी मी टायफॉइडचा ताप अंगावर काढला, अगदी चक्कर येऊन पडेपर्यंत, आणि आईला कळले ते दवाखान्यातून. आपल्याकडच्या कितीतरी बायका दुखणी अंगावर काढतात आणि आपण त्याला सोशिकपणा म्हणून नावाजतो. मला वाटते, त्यांतल्या बऱ्याच जणी घरातल्या थोरल्या मुली असतील. धाकट्या भावंडांच्या चुका पोटात घालणाऱ्या घरात थोरलीला चुकायला जागा उरलेली नसते.

याचा दोष मी आईला देत नाही, कारण तिला ही वागणूक कुठून मिळाली ते मला माहीत आहे. तिचे माहेर सिन्नर तालुक्यातले, कोरडवाहू शेतीचे. १९७२च्या दुष्काळात ती धाकट्या भावंडांना घेऊन खडी फोडायच्या कामावर जात असे आणि रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापून सगळ्यांना वाढत असे. थोरल्या मुलीने तक्रार करायची नसते हे तिने ऐकून शिकलेले नव्हते. तिला दुसरा मार्गच नव्हता. पुढे तिने मुलाला जे दिले ते ठरवून दिले आणि मुलीला जे दिले ते न कळत दिले. मुलांना घडवण्याचा मोठा भाग असा न कळत घडतो, म्हणूनच आपल्या आईचे लहानपण कसे गेले हे प्रत्येकाने तिला एकदा सविस्तर विचारावे असे मला कळकळीने वाटते.

आजच्या आयांपुढची अडचण निराळी आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी स्कूटीवर बसून वाट पाहणाऱ्या आया रोज दिसतात. त्या मुलांसाठी किती झिजतात हे मी जवळून पाहते. पण जेईई-नीटच्या त्या क्लासमधल्या चाचणीचे गुण आता मूल जिना उतरण्याआधी आईच्या मोबाईलवर आलेले असतात. मुलाने गाडीवर बसायच्या आत "फिजिक्समध्ये काय झालं?" हा प्रश्न तयार असतो. यात आईचा हेतू वाईट नाही, पण मुलाच्या हातून एक मोठी संधी जाते. कमी गुण पडले हे स्वतःच्या तोंडाने सांगणे, सांगण्याआधी धीर गोळा करणे, सांगितल्यावर आभाळ कोसळत नाही हे अनुभवणे, हे सगळे एका मेसेजने हिरावून घेतले जाते. पंचविसाव्या वर्षी साहेबासमोर उभे राहून "माझ्याकडून राहिलं" म्हणायचा सराव मुलांनी मग कुठे करायचा? इंदिरानगरमध्ये राहणारी माझी एक मैत्रीण चाचणीच्या दिवशी क्लासचा तो ग्रुप मुद्दाम उघडत नाही. मुलाला तिने तसे सांगून ठेवले आहे: "तू सांगितल्याशिवाय मी बघणार नाही." पहिल्या खेपेला त्याने दोन दिवस काहीच सांगितले नाही आणि ते दोन दिवस तिला फार जड गेले. तिसऱ्या दिवशी रात्री पोळी खाता खाता त्याने आकडा सांगितला, आणि कोणता धडा समजलेला नाही तेही त्याच दमात सांगितले. तिच्या जागी मला इतका धीर धरवला असता की नाही कोण जाणे, पण करण्यासारखे आहे ते हेच.

हे लिहिताना एका गोष्टीची मला फार काळजी वाटते, ती म्हणजे हे वाचून कोणी एखाद्या आईकडे बोट दाखवू नये. मुलगा चांगला निघाला तर घराण्याचे नाव आणि बिघडला तर "आईने काही वळण लावलं नाही," हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. शास्त्रानेही हा अन्याय केलेला आहे. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची अवस्था आईच्या थंडपणामुळे होते, असे गेल्या शतकाच्या मध्यावर नामवंत तज्ज्ञ सांगत होते. ते साफ चुकीचे ठरले, पण तोवर असंख्य आयांनी तो ठपका सोसला होता. शिवाय आई एकटी मूल वाढवत नसते. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुले समर्थ, मायाळू माणसे झाली, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात भरवशाचे निदान एक मोठे माणूस होते: कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचे मास्तर. ज्या घरात आई दोन पाळ्या सांभाळून दमलेली आहे, तिथे वाईट बातमी ऐकायला बाबा, आजोबा किंवा काकू बसल्या तर मुलाचे काही बिघडत नाही. आणि ज्याला घरी कोणीच भेटले नाही, त्याला कारखान्यातला एखादा शहाणा सुपरवायझरही भेटू शकतो. पिशवीत पीस नेणारा तो मुलगा आता स्वतः लाइन सांभाळतो आणि आपल्या हाताखालच्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, की खराब पीस आधी माझ्याकडे आणायचा.

आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे आणि भावाकडे राहते. मध्यंतरी ती भाजी आणायला गेली असताना चक्कर येऊन पडली, रिक्षाने एकटीच घरी आली आणि कोणाला काही बोलली नाही. हातावरचा काळानिळा डाग सुनेला दिसला म्हणून कळले. मी निघाले ती तिला यापुढे एकटीने बाहेर जायचे नाही असे बजावण्याच्या तयारीने. भावाने मला दारातच थांबवले. त्याने तिला काही विचारले नव्हते, तिच्याजवळ बसून फक्त "आई, पहिल्यापासून सांग" म्हटले होते, आणि तिने सांगितले होते: याआधीही दोनदा तशी चक्कर आली होती. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली. दोन आठवड्यांनी भावाने तिच्या हातात पिशवी आणि पैसे देऊन भाजी आणायला पाठवले, पाकिटात आमचे दोघांचे फोन नंबर लिहिलेला कागद ठेवला. आता चक्कर आली की ती संध्याकाळी आपण होऊन सांगते. भावाला आधी सांगते, मग मला फोन करते.